कुमूच्या वाट्याचं दूध

त्र्यंबक सबनीस चौदा वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर होता, आणि चौदा वर्षांत त्यानं माझं कधी ऐकलं नाही. एकदाच ऐकलं, आणि तेवढं ऐकायला नको होतं.

आम्ही दोघंही रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. प्रोफेसर बोलतात आणि डेमॉन्स्ट्रेटर करून दाखवतो, एवढाच काय तो फरक. बाकी पगारात तो दिसायचाच. मी उचगावचा, शेतकऱ्याच्या घरातला, सायकल हाणत यायचो आणि दहा मिनिटं उशिरा पोचायचो. सबनीस राजारामपुरीतून चालत यायचा आणि माझ्या आधी येऊन माझ्यासुद्धा टेबलावरच्या नळ्या धुऊन ठेवायचा. ब्यूरेट तीन वेळा धुतल्याशिवाय तो कुणाला हात लावू देत नसे. विद्यार्थ्यांचा एक थेंब जास्त पडला की सगळं ओतून टाकायला लावायचा आणि म्हणायचा, "पुन्हा." पोरं त्याला मागे 'पुन्हा सर' म्हणायची. मीही म्हणायचो. त्याला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला काही नव्हतं.

त्याचं लग्न सत्तेचाळीस साली झालं, मामाच्या मुलीशी. मामा चंदगडचे. आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची सून. बाहेरची आणली तर मामा दहा वर्षं पंगतीला यायचा नाही. शालूवहिनी स्वभावानं शांत, पण वेळ आली की खमक्या. त्याला लहानपणापासून ओळखत होत्या, त्यामुळे त्याच्या 'पुन्हा'ला त्या अजिबात भीक घालत नसत. भाजीत मीठ जास्त झालं असं तो म्हणाला, तर म्हणायच्या, "मग आज तुम्हीच करा की पुन्हा."

एकोणपन्नास साली कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्या वर्षी त्यांना मुलगी झाली. गावात निम्म्या लोकांचे चेहरे उतरलेले, आणि हा मात्र प्रयोगशाळेत पेढे वाटत फिरत होता. नाव ठेवलं कुमुद. नाव शोभावं अशीच होती ती. सबनीस चांगलाच सावळा, वहिनी गव्हाळ, पण पोरगी गोरीपान, केस भुरे, डोळे घारे. बारशाला आलेल्या बायका तिला खाली ठेवायला तयार होईनात. मी तिथं सगळ्यांदेखत म्हणालो, "त्र्यंबक, प्रयोगशाळेतलं रंग उडवायचं औषध घरी नेलंस काय रे?" सगळे हसले. तोही हसला. त्या विनोदाची मला आज लाज वाटते, कारण तो जवळजवळ खरा होता.

वर्ष झालं तरी कुमू बसेना. दीड वर्षाची झाली, नजर धरेना. समोर खुळखुळा वाजवला तरी ती भलतीकडेच बघायची. दोन वर्षांची झाली तेव्हा कशीबशी बसायला लागली, आणि बसली की पुढे-मागे डुलत राहायची, तासन्‌तास. कातडीवर चट्टे उठायचे. रडायची तर अशी, की शेजारी दार लावून घ्यायचे. आणि तिच्या अंगाला एक वास यायचा. उंदरांनी घर केलेली जुनी पेटी उघडावी तसा. वहिनी दिवसातून दोनदा तिला न्हाऊ घालायच्या, कपडे उकळायच्या, तरी तो वास जायचा नाही. मला वाटायचं, घर ओलसर असेल. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, उशिरा बोलणारी मुलं हुशार निघतात. दुसऱ्यांनी टॉनिक दिलं. तिसऱ्यांनी वहिनींनाच विचारलं, गरोदरपणी ग्रहण पाळलं नव्हतं का.

आता माझी पाळी. कोल्हापुरात ज्याला कशानंच काही गुण येत नाही त्याला दूध सांगतात. आमचं गावच तसं. इथं पैलवान दुधावर पोसतात, बाळंतीण दुधावर उठते, म्हातारा दुधावर तग धरतो. चौकातल्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून बांधतात, समोर धार काढतात, आणि फेसाळ पेला तसाच कोमट तोंडाला लावायचा. मी सबनीसला म्हणालो, "हिच्या अंगातच काय न्हाय लेका, तर डोकं कशानं चालंल? रोज दूध पाज. कट्ट्यावर ने."

आणि यावेळी त्यानं माझं ऐकलं.

मीच त्यांना पिराजी गवळ्याच्या कट्ट्यावर घेऊन गेलो. पिराजीनं पोरीला निरखून बघितलं आणि म्हणाला, "पावणं, काय काळजी करू नगा. सा म्हैने आणा हितं. पैलवान करून देतो की न्हाय बघा." कुमूनं पेला बघितला आणि दोन्ही हातांनी ओढला. ती जगात कशालाच हात घालायची नाही, पण दुधाला घालायची. ते बघून सबनीसचे डोळे भरून आले. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझी छाती अशी फुगली होती, जणू म्हैस माझीच आहे.

तीन वर्षं तो रोज सकाळी तिला खांद्यावर घेऊन कट्ट्यावर गेला. पाऊस असो, थंडी असो. घरी आणखी दूध, त्यात बदाम उगाळून. पावणेचार वर्षांची असताना तिला पहिल्यांदा झटका आला, तिथंच कट्ट्यावर. डोळे पांढरे झाले, हातपाय ताठरले. पिराजी घाबरला, पण सल्ला द्यायला चुकला नाही: "अशक्तपणा हाय. अजून अर्धा पेला वाढवा." मीही मान हलवली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी म्हण आहे. आमचं त्याहून वाईट होतं. आम्ही रोगालाच औषध म्हणून पाजत होतो.

पंचावन्न सालच्या फेब्रुवारीत ते कळलं. कॉलेजच्या ग्रंथालयात विलायतेहून बोटीनं एक नियतकालिक यायचं, चार-सहा महिने शिळं. ते मी कधी उघडत नसे आणि सबनीस पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत असे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो ते घेऊन माझ्या टेबलाशी आला. पानावर बोट ठेवून उभा राहिला. मी वाचलं. इंग्लंडमधल्या एका इस्पितळातली एक मुलगी. भुरे केस, चट्टे, झटके, डुलणं, न बोलणं. आणि उंदरांसारखा वास.

खाली परीक्षा दिलेली होती: मुलाच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकावेत.

दुसऱ्या दिवशी तो कोटाच्या खिशातून कुमूच्या लघवीची बाटली घेऊन आला. फेरिक क्लोराइड आमच्या फळीवर तिसऱ्या रांगेत होतं. वर्षानुवर्षं होतं. पोरं रोज ते वापरायची. फिनॉल ओळखायला टाकायचं आणि जांभळा रंग आला की वहीत लिहायचं. कुमू जन्मली तेव्हा ती बाटली तिथं होती, आम्ही कट्ट्यावर जात होतो तेव्हाही होती. मी रोज हातानं उचलून पोरांना द्यायचो. त्यानं परीक्षानळी धरली आणि थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं. आम्ही दोघं बघत राहिलो. काही मिनिटांत तो रंग उतरत गेला आणि नळीत पिवळट पाणी तेवढं राहिलं.

"पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा टाकले. पुन्हा हिरवं.

मग तो म्हणाला, "गणपत, दूध." आणि स्टुलावर बसला.

त्यानं मला फळ्यावर जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. दूध, डाळ, मटण, या सगळ्यांत प्रोटीन असतं. प्रोटीन म्हणजे एक लांब माळ आणि तिच्यातले मणी म्हणजे अमिनो आम्लं, वीसेक जातींची. प्रत्येक मण्याचा स्वभाव वेगळा. काही पाण्याशी रमणारे, काही तेलकट, पाणी दिसलं की आत तोंड लपवणारे. काहींवर धन भार, काहींवर ऋण. ते एकमेकांना ओढतात. या ओढाताणीनं माळ स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि तिला आकार येतो, आणि तो आकार असेल तरच ती काम करते.

"तू लग्नात फेटा बांधतोस ना?" तो म्हणाला. "कापड तेच. एक घडी चुकली तर?"

"सुटतो की डोक्यावर."

"तेच."

कुमूच्या यकृतात एका प्रोटीनची घडी चुकलेली होती. त्या प्रोटीनचं काम एकच: फेनिलॲलॅनिन नावाच्या मण्याचं रूपांतर दुसऱ्या मण्यात करायचं. ते होत नव्हतं. मग फेनिलॲलॅनिन रक्तात साचायचं आणि मेंदू वाढताना त्याला मारायचं. त्या दुसऱ्या मण्यापासूनच केसांचा, कातडीचा रंग होतो, तोही होत नव्हता, म्हणून पोरगी गोरी. तिच्या ज्या रंगावर सगळं गाव भाळलं, तो रंग म्हणजे आजार होता. आणि फेनिलॲलॅनिन कशात भरपूर? म्हशीच्या दुधात. बदामात.

मी म्हणालो, "मी पाजायला सांगितलं."

तो म्हणाला, "मी पाजलं." एवढंच. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर हजार वेळा वाटलं.

त्या लेखात आणखी एक ओळ होती. अशा मुलांचे आईबाप पुष्कळदा एकमेकांच्या नात्यातले असतात. दोघांच्याही रक्तात तोच एक दोष लपून असतो, आणि मुलाला दोन्हीकडून मिळाला की मग सुटका नाही. ती ओळ त्यानं मला वाचून दाखवली, आणि ते पान ब्लेडनं कापून खिशात ठेवलं. ग्रंथालयाचं पुस्तक कापणारा माणूस नव्हे तो. शालूवहिनींना त्यानं ते कधीच सांगितलं नाही. आज ते दोघंही नाहीत, म्हणून मी लिहितो आहे.

उपाय त्याच लेखात होता. दुधातलं प्रोटीन घ्यायचं, आम्लात उकळून त्याचे मणी सुटे करायचे, मग कोळशाच्या पुडीतून ते गाळायचे. फेनिलॲलॅनिन कोळशाला चिकटून मागे राहतं. उरलेलं मुलाला पाजायचं. त्या इंग्रज मुलीला उपयोग झाला होता. ती रांगायला लागली होती, माणसं ओळखायला लागली होती. पण ती लहान होती. कुमूला सहावं लागलं होतं. जे गेलं ते परत येणार नाही हे त्याला लेख वाचतानाच कळलं होतं. पण सगळंच गेलंय का, हे कळत नव्हतं. त्याला फक्त एकच हवं होतं: तिनं एकदा आपल्याकडे बघून काहीतरी बोलावं. काहीही.

मग त्यानं ते सगळं आमच्या प्रयोगशाळेत करायला घेतलं. प्रोफेसरांनी बघून न बघितल्यासारखं केलं, हे त्यांचे उपकार. दूध फाडून त्यातलं प्रोटीन वेगळं काढायचं, धुऊन वाळवायचं. गंधकाम्लात दोन-दोन दिवस ते वाळूच्या कढईवर उकळायचं. मग चुन्यानं आम्ल मारायचं, गाळायचं, कोळशातून काढायचं, पुन्हा गाळायचं. शेवटी हाती यायचा तपकिरी, कडूजहर पाक, शिळ्या रश्श्याच्या वासाचा. आम्लात उकळताना ट्रिप्टोफेन नावाचा आणखी एक मणी जळून जातो, आणि त्याच्याशिवाय शरीर चालत नाही. तो वरून घालावा लागे. ते मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून यायचं, तेही विलायतेहून, बोटभर कुप्यांत.

गाळलेल्यात फेनिलॲलॅनिन खरोखर उरलं नाही ना, हे बघायला त्यानं वहिनींची लोणच्याची बरणी आणली. तिच्यात गाळणकागदाची पट्टी लटकवायची, द्रावण चढू द्यायचं, वाळवून निनहायड्रिन फवारायचं. एकेका अमिनो आम्लाचा जांभळा ठिपका आपापल्या उंचीवर उमटतो. पण आमच्या बरणीत फेनिलॲलॅनिन आणि ल्यूसीन जवळजवळ एकाच उंचीवर बसायचे. ठिपका दिसायचा, पण तो कुणाचा हे कळायचं नाही. त्यानं पट्ट्या लांब केल्या, द्रावण बदललं, बरणी बदलली. तरी ते दोघे शेजारी शेजारीच. मला वाटायचं, उचलून आपटावी ती बरणी. तो दर खेपेला म्हणायचा, "पुन्हा." शेवटी त्यानं ठरवलं, पोरीचीच लघवी खरं सांगेल. हिरवी झाली नाही म्हणजे पाक शुद्ध.

घरी दूध बंद, डाळ बंद, गहू-ज्वारी बंद. भाताचे मोजून चार घास, कारण तो विषारी मणीसुद्धा थोडासा लागतोच. मग खायचं काय? साबुदाणा, रताळी, आरारूट, केळी, साखर, तूप. वहिनींनी यादी ऐकली आणि म्हणाल्या, "म्हणजे जन्मभर एकादशी." खरंच होतं. उपासाचं ताट, फक्त शेंगदाण्याचं कूट वगळून. पण उपास करणारा माणूस उद्या सोडणार असतो.

तो पाक पाजणं म्हणजे रोजची मारामारी. सबनीस आधी स्वतः एक चमचा प्यायचा, दर खेपेला, चेहरा न हलवता. मग वहिनी पोरीचे हात धरायच्या, तो नाक दाबायचा. निम्मं बाहेर यायचं. मग पुन्हा. वहिनींनी घरात कुणासाठीही दूध आणायचं बंद केलं. मला तिथं कोरा चहा मिळायला लागला. मी एकदा कुरकुरलो तर म्हणाल्या, "भावजी, तिला वास येतो. तुम्ही घरी जाऊन प्या दुधाचा."

दुसऱ्या महिन्यात लघवी हिरवी व्हायची थांबली.

चौथ्या महिन्यात झटके थांबले. चट्टे गेले, वास गेला. एके दिवशी मी गेलो तर वहिनींनी मला हात धरून आत ओढलं आणि कुमूच्या केसांत भांग पाडून दाखवला. भुऱ्या केसांच्या मुळाशी बोटभर काळी रेघ होती. काळेभोर केस, वहिनींच्या केसांसारखे. गल्लीतल्या बायका हळहळत होत्या, नजर लागली, पोरीचा रंग उतरला म्हणून. आणि ही बाई त्या काळ्या रेघेवर बोट फिरवत रडत होती, हसत होती.

सातव्या महिन्यात कुमू भिंत धरून उभी राहिली. आणि ती बघायला लागली. हे सांगून पटायचं नाही. सहा वर्षं जे डोळे आरपार जायचे ते येऊन माणसावर थांबले. सबनीस घरी आला की ती त्याच्या हाताचं बोट धरायची आणि सोडायची नाही. तो बोट धरू देऊन तसाच उभा राहायचा, कोटही न काढता. बोलत मात्र नव्हती. तो तिच्यासमोर बसून म्हणायचा, "बाबा. म्हण, बाबा." ती ओठांकडे बघायची. "पुन्हा," तो म्हणायचा, पण कुणाला म्हणायचा कोण जाणे.

छप्पन्न सालच्या पावसाळ्यात मुंबईच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. परदेशी मालाच्या परवान्यांची अडचण आहे, ट्रिप्टोफेनच्या कुप्या तूर्त मिळणार नाहीत. सबनीसनं मुंबईला दोन खेपा घातल्या. एका मोठ्या औषध कंपनीच्या दारात दिवसभर बसला. तिथल्या साहेबानं त्याला विचारलं, "किती रुग्ण आहेत असे?" हा म्हणाला, "एक." साहेब हसला नाही, पण फाइल बंद केली. शेवटची कुपी त्यानं निम्मी करून, मग तीही निम्मी करून पुरवली. श्रावणात ती संपली.

भाद्रपदात एका सकाळी तो प्रयोगशाळेत आला, नळीत थेंब टाकले, आणि पाणी हिरवं झालं.

त्याला मी कधी चिडलेला पाहिला नव्हता. तो तसाच, तास सोडून घरी गेला. मी मागून धावलो. वहिनी ओट्याशी रताळी उकडत होत्या. हा दारातूनच ओरडला, "कधीपासून देतेस तिला दूध?"

वहिनी वळून बघत राहिल्या. "मी?"

"लघवी हिरवी आहे. खोटं बोलू नकोस. पोर वाळली म्हणून दया आली तुला. वर्षभराचं मातीत घातलंस!"

"घरात दूध आहे कुठं?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "वर्ष झालं, मी चहासुद्धा कोरा पिते. अंबाबाईची शपथ, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, थेंब नाही दिला." आणि त्यांनी खरंच तिच्या डोक्यावर हात ठेवला. कुमू खाली बसली होती. तिचे दंड काटकुळे झाले होते, फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. सबनीसनं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मटकन पाटावर बसला.

त्याला कळलं होतं. मलाही वाटेत कळायला हवं होतं. नवीन मांस घडवायला सगळे मणी लागतात. एक जरी नसला तरी माळ अडते. साबुदाणा-रताळ्यात ट्रिप्टोफेन नावालाच. मग शरीर काय करतं? आपलंच मांस मोडून खातं. आणि त्या मांसात फेनिलॲलॅनिन असतंच. कुमू दुधानं नव्हे, स्वतःच्या अंगानं हिरवी होत होती.

"शालू," तो म्हणाला, "तू नाही दिलंस."

"तेच सांगते मी."

"ती स्वतःला खातेय."

वहिनींना ते समजलं नाही, आणि त्यानं समजावलं नाही. रताळी करपायला लागली, तेव्हा मीच पुढे होऊन पातेलं उतरवलं.

पुढचे पंधरा दिवस तो हिशोब मांडत बसला. ट्रिप्टोफेन हवं तर दूध हवं. दूध आलं की त्याच्या कितीतरी पट फेनिलॲलॅनिन आलं. डाळ घ्या, अंडं घ्या, तेच. सुटं ट्रिप्टोफेन आमच्या बरणीत काढता येत नव्हतं. त्यानं तेही करून बघितलं, आठ दिवस, आणि हाती काळा चिकटा आला. दूध नाही दिलं तर पोरगी वाळून मरणार. दिलं तर मेंदू मरणार. 'कळतं पण वळत नाही' असं आपण दुसऱ्याला हिणवायला म्हणतो. या माणसाला सगळं कळत होतं. तो मणी कागदावर काढून दाखवू शकायचा, त्याचं सहा कोनांचं कडं, त्याची शेपटी, सगळं. कोल्हापुरात त्या रेणूला त्याच्याइतकं कुणी ओळखत नसेल. आणि त्याच्या हातात काही नव्हतं. माझ्या तर त्याहूनही नव्हतं. मला राग यायचा, इंग्लंडचा, मुंबईचा, त्या बरणीचा, माझा. रागानं काही गाळलं जात नाही.

एक दिवस प्रयोगशाळेत नळ्या धुता धुता तो म्हणाला, "गणपत, उद्या माझ्या घरी येताना दूध आण. म्हशीचं. शेरभर."

रात्री मी दुधाची चरवी घासून ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उचगावहून चरवी घेऊन सकाळीच गेलो. सायकलवर ती चरवी इतकी जड कधी झाली नव्हती. वहिनींनी दार उघडलं, चरवीकडे बघितलं आणि बाजूला झाल्या. त्यानं त्यांना रात्री सांगितलं असावं. कुमू खिडकीशी बसली होती. चरवीचं झाकण मी काढलं, आणि तिनं मान वळवली.

ती उठली. भिंत न धरता दोन पावलं आली. चरवीकडे बोट केलं, मग मान वर करून सबनीसच्या तोंडाकडे बघितलं, नीट, त्याच्या डोळ्यांत, आणि म्हणाली, "दूद."

गल्लीतल्या गवळ्याची हाळी रोज ऐकून तिनं तो शब्द उचलला असावा. वर्षभरात डोकं जेवढं मोकळं झालं होतं तेवढ्यात तिनं एक शब्द मिळवला होता, कुणाला न सांगता, आणि तो जपून ठेवला होता.

"बोलली!" वहिनी ओरडल्या. "अहो, बोलली! भावजी, ऐकलंत? बोलली की हो ती!" त्यांनी तिला उचललं, गोल फिरवलं, मुके घेतले. शेजारच्या बायका दारात जमा झाल्या. कुणीतरी साखर आणायला धावलं.

"दूद," कुमू पुन्हा म्हणाली, त्याच्याकडेच बघत. ती त्याच्याकडे मागत होती. बाकी कुणाकडे नाही.

सबनीसनं मला पेला मागितला. चरवी मी वाकडी केली. त्यानं तिला मांडीवर घेतलं आणि पेला तिच्या तोंडाला लावला, आणि ती संपेपर्यंत प्यायली, मध्ये श्वास न घेता. तो तिच्या केसांकडे बघत होता, काळ्या झालेल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. बायका म्हणत होत्या, देव पावला.

पोरगी जगली. महिन्याभरात दंड भरले. दिवाळीच्या आधी पहिला झटका आला. मग दुसरा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत केसांच्या मुळाशी भुरी रेघ आली आणि नजर पुन्हा आरपार जायला लागली. तो शब्दही गेला. दूध आपण मागायचं असतं हे ती विसरली, आणि आम्ही ते तिला न मागता देत राहिलो.